पातळ आणि टणक लॅपटॉपची खरी किंमत कुठे मोजावी लागते

एक किलोच्या आसपास वजनाचा आणि पंधरा मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप पहिल्यांदा हातात घेतला, की बहुतेकांच्या मनात कौतुकाआधी शंका येते. एवढीशी जाडी, एवढे कमी वजन, आणि किंमत मात्र सहज दीड लाख रुपयांच्या पुढे. हे यंत्र लोकलच्या गर्दीत, पाठीवरच्या सॅकमध्ये, रोजच्या उघडमिटीत पाच वर्षे टिकेल का? शंका रास्त आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. चांगल्या बनावटीच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये पातळपणाची किंमत सहसा मजबुतीतून वसूल होत नाही. ती वसूल होते उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेतून, आणि त्याहूनही अधिक, पुढे कधी यंत्रात भर घालण्याच्या सोयीतून. अशा लॅपटॉपचा सांगाडा दीर्घकाळ शाबूत राहतो. म्हातारे होते ते त्याच्या पोटातले. हे ध्यानात आले की खरेदीच्या वेळी काय तपासायचे, कशावर पैसे खर्च करायचे आणि कशावर नाही, हे बरेच सोपे होते.

हा विषय हवेत न ठेवता एका उदाहरणावरून पाहू. लेनोवो कंपनीची थिंकपॅड एक्स१ कार्बन ही मालिका त्यासाठी सोयीची आहे, कारण ‘पातळ तरीही टिकाऊ’ या एकाच उद्दिष्टावर ती २०१२ पासून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि तिच्यातल्या चुकाही उघड्यावर आहेत. थिंकपॅड हे नाव त्याहून जुने. आयबीएमने १९९२ मध्ये ते बाजारात आणले. त्याचा काळा, चौकोनी, नक्षीविरहित आकार जर्मन रचनाकार रिचर्ड सॅपर यांनी जपानी बेंटो डब्यावरून सुचवला आणि त्यामागचे अभियांत्रिकी काम जपानमधल्या यामातो येथील प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या नेतृत्वाखाली झाले. २००५ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोवोकडे गेला. २०१२ मध्ये आलेला पहिला एक्स१ कार्बन १४ इंची पडद्याचा होता आणि त्याचे वजन सुमारे १.३६ किलो होते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तेराव्या पिढीचे वजन त्याच आकाराच्या पडद्यासह एक किलोच्या आत आले. बारा वर्षांत साधारण पाव हिस्सा वजन उतरले, तेही मजबुतीच्या चाचण्या कायम ठेवून. हे कसे साधले, इथूनच सुरुवात करायला हवी.

एखादा पत्रा वाकवायला किती जोर लागतो हे त्याच्या जाडीवर अवलंबून असते, पण सरळ प्रमाणात नाही. ते जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच पदार्थाचा पत्रा निम्मा पातळ केला, तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध निम्मा होत नाही, तो एक अष्टमांश उरतो. लॅपटॉपचे झाकण म्हणजे पडद्याच्या काचेमागे असलेला एक पत्राच. गर्दीत सॅक दाबली गेली आणि हे झाकण वाकले, तर आतला पडदा चिरतो. साध्या प्लॅस्टिकचे झाकण पातळ करत गेले तर ते लवकरच पुठ्ठ्यासारखे होते. यावर उपाय दोन. पहिला म्हणजे पदार्थच असा घ्यायचा, की जो वजनाच्या मानाने फार ताठ आहे. कार्बनचे केसाहून बारीक तंतू राळेत बसवून केलेला पत्रा ॲल्युमिनियमपेक्षा हलका असतो आणि तंतूंच्या दिशेने कितीतरी ताठ असतो; विमानांचे भाग त्याच कारणाने या पदार्थाचे करतात. दुसरा उपाय रचनेचा. बाहेरच्या दोन बाजूंना ताठ थर आणि मध्ये हलका गाभा, अशी मांडणी केली की वजन फारसे न वाढता जाडीचा फायदा मिळतो. इमारतीतल्या लोखंडी तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे: वाकताना सर्वाधिक ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो, मधला भाग जवळजवळ निवांत असतो.

कार्बन तंतूंना एक खोड आहे. ते वीजवाहक असल्यामुळे रेडिओ लहरी अडवतात, आणि वायफायचे ॲन्टेना तर बहुधा झाकणाच्या वरच्या कडेला बसवलेले असतात. म्हणून कार्बनच्या झाकणात ॲन्टेनाच्या जागी काचतंतूंचे प्लॅस्टिक जोडावे लागते, आणि हा जोड नजरेला दिसू नये, हाताला लागू नये, वाकल्यावर उकलू नये यासाठी बरीच कारागिरी खर्ची पडते. खालच्या बाजूला, कळफलकाभोवती, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सांगाडा असतो. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलका. यंत्राची किंमत वाढते ती बरीचशी या अशा, जाहिरातीत न सांगता येणाऱ्या गोष्टींमुळे.

जाहिरातीत सांगतात ते ‘लष्करी दर्जाची मजबुती’. या शब्दांचा नेमका अर्थ प्रत्येक ग्राहकाला कळायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण त्यात खोटे काही नसले तरी ऐकणाऱ्याचा गैरसमज मात्र हमखास होतो. मिल-स्टँडर्ड ८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचणीपद्धतींचे पुस्तक आहे. उपकरण किती उष्णतेत, थंडीत, दमटपणात, धुळीत, हादऱ्यांत, किती उंचीवर आणि कसे तपासावे, याच्या पद्धती त्यात दिलेल्या आहेत. २०१९ मधली त्याची आवृत्ती ८१०एच म्हणून ओळखली जाते. पण हे पुस्तक ‘एवढे गुण मिळाले म्हणजे उत्तीर्ण’ असे प्रमाणपत्र देत नाही. अमेरिकी लष्कर कोणत्याही लॅपटॉपवर शिक्का मारत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या, त्या किती कठोर ठेवायच्या, यंत्र चालू असताना घ्यायच्या की बंद असताना, हे निर्माता ठरवतो आणि चाचणीही तोच करतो किंवा करवून घेतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या लॅपटॉपवर हेच शब्द छापलेले असले, तरी दोघांनी सारखीच परीक्षा दिली असे मानता येत नाही. आणि चाचणी उत्तीर्ण झालेला लॅपटॉप जिन्यावरून पडून फुटला, तर ‘लष्करी दर्जा’ आहे म्हणून वॉरंटीत तो दुरुस्त होत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. एवढे सगळे ध्यानात ठेवूनही मी या चाचण्यांना निरुपयोगी म्हणणार नाही. ज्या कंपनीला आपले यंत्र धुळीत आणि दमट हवेत ठेवून पाहायचे आहे, ती रचना करतानाच बिजागऱ्या, कडा आणि कळफलकाखालचे थर यांचा विचार करते, आणि तो विचार रोजच्या वापरात जाणवतो.

बिजागऱ्यांचेच पाहा. स्वस्त लॅपटॉप मरतो तो बहुधा प्रोसेसर जळून नव्हे, तर बिजागरीजवळचे प्लॅस्टिक तडकून. दिवसातून दहा वेळा उघडमीट धरली तर पाच वर्षांत ती अठरा हजारांच्या वर जाते. व्यावसायिक यंत्रात बिजागरी धातूच्या सांगाड्याला स्क्रूने घट्ट बसवलेली असते, प्लॅस्टिकच्या कवचाला नव्हे, आणि पडदा पूर्ण १८० अंशांत सपाट होऊ दिला जातो, म्हणजे कोणी तो चुकून जास्त मागे ढकलला तरी सांध्यावर ताण येत नाही. बैठकीत समोरच्याला कागद दाखवावा तसा पडदा टेबलावर निजवता येतो, हा त्याचा आणखी एक उपयोग.

कळफलकाच्या बाबतीत पातळपणाने खरोखर काहीतरी हिरावून घेतले आहे. जुन्या, जाड थिंकपॅडच्या कळा खोल दाबल्या जात. त्यांवर तासन्‌तास लिहिणाऱ्या माणसाला बोटांखाली कळेचा स्पष्ट ‘हो’ ऐकू येई. नव्या पिढ्यांत ही खोली सुमारे दीड मिलिमीटरवर आली आहे. तरीही पातळ लॅपटॉपांच्या जगात हा कळफलक वरच्या श्रेणीतला मानला जातो, कारण कळांचा माथा किंचित खोलगट ठेवल्याने बोट आपोआप मध्यावर येते. मधोमध असलेली तांबडी घुंडी, म्हणजे ट्रॅकपॉइंट, ही थिंकपॅडची जुनी ओळख. हात कळफलकावरून न हलवता बाण सरकवण्यासाठी ती आहे, आणि तिची सवय लागलेल्या माणसाला दुसरे काही चालत नाही. या निष्ठेची प्रचीती कंपनीला २०१४ मध्ये आली. त्या वर्षीच्या दुसऱ्या पिढीत वरच्या एफ१ ते एफ१२ या कळा काढून तिथे कामानुसार बदलणारी स्पर्शपट्टी बसवली गेली, कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एन्ड आले, आणि ट्रॅकपॉइंटची स्वतंत्र बटणेही गेली. रोज न पाहता टंकलेखन करणाऱ्यांचा हात चुकू लागला. तक्रारी इतक्या झाल्या, की २०१५ च्या तिसऱ्या पिढीत खऱ्या कळा आणि खरी बटणे परत आली. व्यावसायिक यंत्रात नावीन्याला मर्यादा का असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल: इथले ग्राहक पंधरा-पंधरा वर्षांच्या सवयी घेऊन येतात आणि त्या सवयी म्हणजेच त्यांचा कामाचा वेग असतो.

आता उष्णतेकडे वळू, कारण पातळ लॅपटॉपची पहिली खरी उणीव इथे आहे आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला ती अधिक भिडणारी आहे. प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पातळ लॅपटॉपांतले प्रोसेसर दीर्घकाळ चालण्यासाठी साधारण १५ ते २८ वॉटवर बेतलेले असतात, पण थोड्या वेळापुरते ते त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज घेऊन वेगाने धावू शकतात. एखादी फाइल उघडणे, संकेतस्थळ दिसणे, तक्त्यातली आकडेमोड होणे ही कामे काही सेकंदांची असतात. तेवढ्या वेळात तयार होणारी उष्णता तांब्याच्या नळ्या आणि पट्ट्या सामावून घेतात, आणि वापरणाऱ्याला यंत्र अतिशय चपळ वाटते. काम लांबले, म्हणजे तासभराची चित्रफीत संपादित करून साठवायची असेल किंवा मोठी आज्ञावली बांधायची असेल, की मग नळ्या तापून जातात, पंखा पूर्ण वेगाने फिरतो, आणि तरीही उष्णता आवरत नाही म्हटल्यावर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. हा बिघाड नव्हे. जळू नये म्हणून केलेली ती योजना आहे. पण याचा परिणाम असा, की कागदोपत्री एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप, एक पातळ आणि एक जाड, पहिल्या मिनिटात सारखे धावतात आणि दहाव्या मिनिटात जाडा पुढे निघून जातो. पातळ यंत्रात जास्त पैसे देऊन वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेतला तर त्याचा फायदा अनेकदा पहिल्या मिनिटापुरताच मिळतो.

यात भर पडते ती बाहेरच्या हवेची. पंखा थंडावा निर्माण करत नाही, तो फक्त खोलीतली हवा नळ्यांना जोडलेल्या, तापलेल्या धातूच्या पात्यांवरून ओढतो, आणि उष्णता किती वेगाने निघेल हे पाती आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. समजा पाती ६५ अंशांवर आहेत. वातानुकूलित कार्यालयात हवा २५ अंशांवर असेल तर फरक ४० अंशांचा आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी खोलीतली हवा ४२ अंशांवर गेली, तर तोच फरक २३ अंशांवर येतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता निम्म्याहून जराच अधिक उरते. थिंकपॅडच्या तांत्रिक माहितीत यंत्र चालवण्यासाठी सभोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश असावे असे दिलेले असते. विदर्भातला उन्हाळा या मर्यादेच्या सरळ बाहेर आहे. जाड यंत्रालाही हाच नियम लागू होतो, पण त्याच्याकडे मोठी पाती आणि मोठा पंखा अशी शिल्लक असते. पातळ यंत्र आधीच काठावर चालत असते. त्यातच हवा आत घेण्याची भोके तळाशी असतात, त्यामुळे गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवून काम करणे म्हणजे त्याचे नाक दाबून धरण्यासारखे आहे. वर्षातून एकदा तळ उघडून पंख्यातली धूळ काढली तर जुने यंत्रही पुन्हा शांत आणि चपळ होते, आणि थिंकपॅडच्या बाबतीत हे काम साध्या स्क्रूड्रायव्हरने होते.

दुसरी उणीव माझ्या मते सर्वांत मोठी आहे, आणि ती खरेदीच्या दिवशी अजिबात दिसत नाही. एक्स१ कार्बनमध्ये रॅम, म्हणजे चालू कामे धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती, पहिल्या पिढीपासून मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पट्टीवर, सोल्डर केलेली आहे. जुन्या लॅपटॉपात रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असे. तीन-चार वर्षांनी यंत्र अडखळू लागले की दुकानात जाऊन दुसरी पट्टी टाकून आणली की झाले. इथे ती सोय नाही. २०१८ च्या सहाव्या पिढीत जास्तीत जास्त १६ जीबी रॅम मिळत होती. ज्याने तेव्हा पैसे वाचवण्यासाठी ८ जीबी घेतली, त्याच्याकडे आज उत्तम पडदा, उत्तम कळफलक आणि शाबूत सांगाडा आहे, पण ब्राउझर आणि व्हिडिओ बैठक एकत्र चालवताना यंत्र दमते, आणि त्यावर कोणताही इलाज नाही.

कंपन्या हे केवळ नफ्यासाठी करतात असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. पट्टी आणि खाच मिळून काही मिलिमीटर उंची खातात, आणि पंधरा मिलिमीटरच्या यंत्रात, ज्यात पडदा आणि कळफलकही मावायचे आहेत, काही मिलिमीटर ही चैन असते. शिवाय कमी वीज खाणारी, मोबाइलमध्ये वापरतात त्या जातीची रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ, आखूड तारांनी जोडावी लागते. लांब तारा आणि मधला सांधा आला की वेग टिकवायला व्होल्टेज वाढवावे लागते. झोपेत असताना ही रॅम फारच थोडी वीज घेते, आणि बॅटरी दिवसभर पुरते त्यात तिचा वाटा आहे. २०२४ मध्ये इंटेलने आणलेल्या एका प्रोसेसर-मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच वेष्टनात बसवली आहे आणि तिथे ३२ जीबी हीच कमाल आहे. त्याच वर्षी उलट दिशेनेही एक पाऊल पडले: एलपीकॅम२ नावाची, मदरबोर्डवर सपाट दाबून बसणारी आणि स्क्रू काढून बदलता येणारी रॅम लेनोवोच्याच थिंकपॅड पी१ या मोठ्या यंत्रात आली. हा मार्ग पातळ यंत्रांपर्यंत पोचावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. तोवर व्यवहारातला नियम एवढाच, की आज जेवढी रॅम पुरेशी वाटते त्याच्या दुप्पट घ्यावी, आणि त्यासाठी गरज पडल्यास प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. साठवणीबाबत मात्र चिंता नको. एसएसडी, म्हणजे फायली कायम साठवणारा भाग, खाचेत बसवलेली असते आणि ती कधीही मोठी करता येते, म्हणून खरेदीच्या वेळी तिच्यावर फार पैसे अडकवण्याचे कारण नाही.

बॅटरीचे गणित सोपे आहे. अलीकडच्या पिढ्यांत बॅटरीची धारणा ५७ वॉट-तास आहे. लेखन-वाचनात यंत्र सरासरी ६ वॉट खात असेल तर ती साडेनऊ तास चालेल. व्हिडिओ बैठकीत १४ वॉट खात असेल तर जेमतेम चार तास. ‘अठरा तास चालते’ यासारखे दावे मंद प्रकाशात चित्रफीत दाखवून मोजलेले असतात. लिथियमची बॅटरी काहीशे वेळा भरून-रिकामी झाली की तिची धारणा मूळच्या ८० टक्क्यांवर येते, मग ते साडेनऊ तास साडेसातवर उतरतात. तिला सर्वांत अधिक मारक काय, तर पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्णतेत पडून राहणे; आणि दिवसभर चार्जर लावून टेबलावर काम करणारा नेमके तेच करत असतो. यासाठी लेनोवोच्या व्हँटेज या आज्ञावलीत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. बॅटरी आत असली तरी चिकटवलेली नाही. तळाचे झाकण आणि काही स्क्रू काढले की बदलता येते, आणि कंपनी प्रत्येक मॉडेलची सविस्तर दुरुस्ती-पुस्तिका, कोणता स्क्रू कुठला यासह, सर्वांसाठी मोफत उपलब्ध ठेवते. रॅमच्या बाबतीत जे गमावले त्याची थोडी भरपाई इथे होते.

जोडण्यांच्या खाचा कमी झाल्या त्याचे कारणही जाडीच. तारेने नेटवर्क जोडणाऱ्या लॅनचा जुना चौकोनी प्लग एक सेंटिमीटरहून उंच जागा मागतो, आणि कळफलकाचा अर्धा भाग त्याहून पातळ असेल तर खाच बसवायची कुठे? म्हणून वेगळा जोड खिशात बाळगावा लागतो. चार्जिंग आता यूएसबी-सीमधून होते, त्यामुळे मोबाइलचा दमदार चार्जरही अडीअडचणीला चालतो. मात्र या खाचा बहुधा मदरबोर्डवरच पक्क्या असतात. तार लटकत ठेवून किंवा ओढून खाच सैल झाली तर दुरुस्ती महाग पडते. २०१७ ते २०१९ दरम्यानच्या अनेक थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट नियंत्रकाच्या, म्हणजे यूएसबी-सी खाचांतली वेगवान जोडणी सांभाळणाऱ्या चिपच्या, अंतर्गत आज्ञावलीतल्या दोषामुळे या खाचा निकामी होत असत, आणि कंपनीने त्यासाठी तातडीचा सुधार दिला होता. त्या काळातले यंत्र वापरात असेल तर तो बसवलेला आहे का हे पाहावे.

आणखी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते: झाकण मिटून सॅकमध्ये ठेवलेला लॅपटॉप घरी आल्यावर गरम लागतो आणि बॅटरी निम्मी झालेली असते. पूर्वी झोपेच्या अवस्थेत रॅम सोडून सगळे बंद होत असे. नव्या पद्धतीत यंत्र मोबाइलसारखे अर्धवट जागे राहते, टपाल आणत राहते, आणि एखादा कार्यक्रम अडकला तर बंद सॅकमध्ये तापत राहते. २०१८ च्या एक्स१ कार्बनमध्ये ग्राहकांच्या मागणीवरून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ आज्ञावलीत, जुन्या पद्धतीच्या झोपेचा पर्याय देण्यात आला होता. जिथे तो नाही, तिथे प्रवासाला निघताना विंडोजमधला हायबरनेट हा, चालू काम साठवून यंत्र पूर्ण बंद करणारा पर्याय वापरणे सुरक्षित.

‘व्यावसायिक’ या शब्दामागे मजबुतीखेरीज आणखी एक जग आहे: गुप्त किल्ल्या जपणारी टीपीएम चिप, कॅमेऱ्यावर सरकणारे छोटे झाकण, कंपनीच्या संगणक विभागाला दुरून यंत्र सांभाळता येण्याची सोय, आणि घरी किंवा कार्यालयात येऊन दुरुस्ती करून देणारी, पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारी वॉरंटी. या सेवेचे मोल बिघाडाच्या दिवशी कळते. निर्मितीतल्या चुका इथेही होतात. डिसेंबर २०१६ ते ऑक्टोबर २०१७ या काळात बनलेल्या पाचव्या पिढीच्या काही यंत्रांत एक सुटा स्क्रू आत राहिल्याने बॅटरीला इजा होऊन ती तापण्याचा धोका होता, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ७८,००० यंत्रे तपासणीसाठी परत बोलावली गेली. पातळ यंत्रात बॅटरी आणि इतर भाग यांच्यात मोकळी जागा जवळजवळ नसते, त्यामुळे जाड यंत्रात कदाचित नुसता खुळखुळला असता तो स्क्रू इथे धोकादायक ठरला.

आपल्याकडे हे लॅपटॉप बहुसंख्य लोकांच्या हाती येतात ते नवे म्हणून नव्हे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतात, आणि ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात विद्यार्थ्यांपर्यंत, लहान कार्यालयांपर्यंत पोचतात. दीड लाखाचा सांगाडा त्या भावात मिळणे हा फार चांगला व्यवहार आहे, कारण टिकाऊपणाचा जो भाग खरा आहे तो दुसऱ्या मालकालाही पुरतो. पण वर सांगितलेल्या उणिवाही दुसऱ्या मालकाकडे जशाच्या तशा येतात. ८ जीबीचे यंत्र कितीही चकाचक असले तरी सोडून द्यावे आणि १६ जीबीचे शोधावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० सह इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे एक्स१ कार्बनच्या पाचव्या पिढीपर्यंतची यंत्रे त्यात बसत नाहीत, २०१८ ची सहावी पिढी बसते. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालवणार असाल तर ही अट लागू नाही, आणि थिंकपॅडवर लिनक्स फार चांगले चालते.

दुकानात उभे असतानाच यंत्र सुरू करून एफ१ दाबावे आणि बायोसमध्ये शिरून पाहावे. तिथे सुपरवायजर पासवर्ड मागितला, तर आधीच्या कंपनीने कुलूप काढलेले नाही. हा पासवर्ड विसरला तर मदरबोर्ड बदलण्यावाचून कंपनीकडे अधिकृत उपाय नाही, मग विक्रेता काहीही सांगो. त्यानंतर दोन्ही यूएसबी-सी खाचांत आळीपाळीने चार्जर लावून पाहावा, बॅटरीची मूळ आणि आजची धारणा व्हँटेजमध्ये वाचावी, आणि एखादी मोठी चित्रफीत दहा मिनिटे चालू ठेवून तळाला हात लावून पाहावा. पहिल्या मिनिटात सगळेच लॅपटॉप छान चालतात.